शीडबंदर, सर्वसाधारण

पूर्वेस : भरतीची रेषा.
पश्चिमेस : रेल्वेच्या हद्दीची भिंत.
उत्तरेस : वखार क्रमांक नऊ, तिथून चिंचेच्या झाडापर्यंत सरळ.
दक्षिणेस : नाला.
राजपत्रात आमचा मतदारसंघ
एवढाच होता.

चिंच बहात्तर साली पडली.
रेघ मात्र तिथवर जाऊन वळत राहिली
पस्तीस वर्षं, नसलेल्या झाडापाशी,
जशी आमच्या शाळेतली मुलं
बुजवलेल्या विहिरीवरून अजून
उडी मारूनच जातात.

मी शाळेतली बाई. निवडणुकीपुरती सरकार.
काखेत यादी, पर्समध्ये लाल पेन,
कडी वाजवायची, विचारायचं,
घरात कोण कोण आहे?
म्हणजे, कोण कोण नाही.
मयत. स्थलांतरित. दुबार.
माणसाचं याहून चौथं काही होत असेल
तर त्याला रकाना नव्हता.

अनुक्रमांक आठशे बारा, भिकाजी म्हापसेकर.
शिडं शिवायचे. शिडं संपल्यावर ताडपत्र्या.
मुलगा दारातच म्हणाला,
"बाई, या खेपेपुरतं नाव राहू द्या.
आण्णांनी एक मत चुकवलं नाही कधी."
मी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं,
दिलेला चहा घेतला,
आणि जिना उतरताना
कठड्यावर यादी टेकवून रेघ मारली.

आमदार पाच झाले.
पहिले गोदी कामगारांचे वकील, दोनशे अकरा मतांनी.
दुसरे, त्यांच्याकडून दोनदा पडलेले.
तिसऱ्या बाई, नवऱ्याच्या जागी उभ्या राहिलेल्या
आणि पुढे नवऱ्यालाच उभं राहू न देणाऱ्या.
चौथ्यांची कमान आहे अजून,
तिच्यावर सध्या इंग्रजी संभाषणाचे वर्ग.
पाचवे कसे होते म्हणाल, तर लग्नांना यायचे.

निवृत्त झाल्यावर मी विधानसभेची जुनी कामकाजं चाळली,
पंधरा दिवस, डबा घेऊन.
शीडबंदर हा शब्द अकरा वेळा आला.
सात वेळा शौचालयासंबंधी.
एकदा छपाईत शिरबंदर झालं होतं
आणि कुणी दुरुस्त केलं नव्हतं.

मग फेररचना आली.
शीडबंदर रद्द.
नवी रेघ बिलिमोरिया बिल्डिंगच्या जिन्यावरून चढली,
डावीकडच्या खोल्या एका आमदाराला,
उजवीकडच्या दुसऱ्याला.
झुबेदा काझीची खोली डावीकडे,
मोरी उजवीकडे.

गेल्या डिसेंबरात एक जर्मन मुलगी आली,
आनेग्रेट, प्रबंधासाठी.
तिच्या मतदारसंघाचं नाव तीन गावांचं,
मधे आडव्या रेघा, एका श्वासात न संपणारं.
वस्ती घटली तसं त्यातलं एक गाव
शेजारच्या मतदारसंघात गेलं,
नावात मात्र राहिलं.
मी म्हटलं, आमचं उलटं.
आम्ही सगळे इथेच आहोत.

तिकडे मतं दोन, असंही ती म्हणाली,
एक माणसाला, एक पक्षाला.
झुबेदानं भजी तळता तळता विचारलं,
"आणि भांडायचं कुणाशी?"

जिन्याखालचं गटार तुंबलंय जूनपासून.
झुबेदानं दोन अर्ज केले, दोन कार्यालयांत.
दोन्ही परत आले, शब्द तेच :
सदर जागा आमच्या क्षेत्रात येत नाही.
आनेग्रेटनं दोन्हींचे फोटो घेतले,
वही उघडून नीट, सावकाश विचारलं,
मग तुमचं प्रतिनिधित्व
नेमकं कोण करतं?

झुबेदानं गॅस बंद केला,
तिचा हात धरला,
पाण्यावर टाकलेल्या फळ्यांवरून तिला पलीकडे नेऊ लागली.
"तिसरीवर जपून," म्हणाली,
"ती कुणाचीच नाही."