रकाना क्रमांक नऊ

महिनाअखेर. मुलं गेली की कुलूप लावून
मी सड्यावर चढते.
खाली खाडीकाठी रेंज नाही. इथे जांभ्याच्या चिऱ्यावर उभं राहून
देवगडकडे तोंड केलं की दोन दांड्या मिळतात,
वारा पडलेला असेल तर तीन.

जिल्हा परिषद शाळा, खारशिंगे तरवाडी. मार्च.
पट अकरा. मुलगे पाच, मुली सहा.
सरासरी उपस्थिती दहा पूर्णांक चार.
(हा पूर्णांक चार म्हणजे ओजस टिकम.
बापाबरोबर रापण ओढून
हजेरी झाल्यावर येतो, केसांत खवले घेऊन.)
तांदूळ शिल्लक बेचाळीस किलो.
पाणी: आहे, पण मचूळ.
‘पण’ला रकाना नाही.

रकाना नऊ. विद्यार्थ्यांची विशेष उपलब्धी.
शिष्यवृत्ती, नवोदय, क्रीडा, चित्रकला, इतर.
नसल्यास ‘निरंक’ लिहावे.

मागच्या केंद्रबैठकीत खूप टाळ्या झाल्या.
वरच्या गावची दोन पोरं नवोदयला लागली,
एक मुलगी उंच उडीत जिल्ह्याला गेली.
कुवळेकर सरांनी पेढे वाटले.
मी खाल्ला. गोड होता, खरंच गोड होता.
मग साहेबांनी वाचलं, तरवाडी, निरंक,
आणि पुढे गेले,
विनंती थांब्यावर कुणी नसलं की एसटी जाते तसे.

या महिन्यात काय झालं ते सांगते.
अफरीन होडेकर हातचा घ्यायला शिकली,
कालवांच्या शिंपल्यांवर. बोट कापलं, पण हातचा सोडला नाही.
दुर्वांक गोताड दीड वर्ष शाळेत एक शब्द बोलला नव्हता,
तो बोलला: “बाई, तुमच्या चपलेत विंचू आसा.”
होता.

आणि बिनिता बोहरा.
बाप सावंतांच्या कलमांना राखण. जानेवारीत आली नेपाळातून,
मोहोराबरोबर.
शाळेला शाला म्हणायची, फळ्याला फल्या,
पोरं हसायची, तीही हसायची, आणि मग गप्प.
मी तक्ता दाखवला, आरसा दाखवला,
प्रशिक्षणात सांगितलेलं सगळं केलं.
शेवटी मधल्या सुट्टीत, खिचडीच्या ताटावर,
ओजसने सांगितलं,
“जीभ पाठी वळय गो, हुनहुनीत भात तोंडात घेतल्यासारखी.”

बावीस तारीख. दुपारचे बारा वाजून पाच मिनिटं.
ळ.

मग ती थांबेचना. नारळ. कातळ. जाळं.
मासळी, ओहोळ, गाळ, वादळ.
ताटं धुताना केळ, हात पुसताना टाळ,
दिसेल त्याला बोट लावत सुटली
आणि बाकीची दहा तिच्यामागे ओरडत,
जशी काही त्यांनाही ती आजच सापडली होती.
अर्धी खाडी या एका अक्षराने भरलीय,
अठरा वर्षं इथे शिकवते, मला कळलंच नव्हतं.

मे संपेल. शेवटची पेटी गेली की
तिचा बापही जाईल. पट दहा.
अफरीनचे वडील रत्नागिरीत खोली बघतायत. पट नऊ.
पुढचं पत्र कसं सुरू होतं ते मला पाठ आहे:
उपरोक्त विषयास अनुसरून.

रकाना नऊमध्ये मी लिहिते: ळ.
फॉर्म म्हणतो, कृपया योग्य माहिती भरा.
पुन्हा लिहिते. ळ. ळ. ळ.
बहुतेक तीन अक्षरं लागत असावीत, घेतो.
पाठवा दाबते. चकती फिरायला लागते.
दोन दांड्या. एक. पुन्हा दोन.
साहेबांचा फोन येईल, बाई, हाताला काही झालंय का.
येऊ दे.

चकती फिरतेच आहे. समुद्राकडून अंधार चढतोय,
करवंदीच्या जाळ्या आता नीट दिसत नाहीत,
मला उतरायला हवं.
खाली कलमांच्या बागेत कुणीतरी कुत्र्याला हाक मारतंय.
परवापर्यंत त्याचं नाव काल्या होतं.
आता काळ्या.
कुत्रं गोंधळलंय, पण जातंय.