एकाहत्तर

ताहेरभाई कांटावाला यांनी नाव घेतलं
आठशे नव्व्याण्णव रुपयांत, एका वर्षासाठी.
पुढे? त्यांनी विचारलं.
पुढे परत भरायचे, मी म्हटलं.
"म्हणजे नावसुद्धा आता पागडीवर मिळत नाही."

दुकान गेल्या दिवाळीत बोहरी आळीतून धायरीला हललं.
जुन्या उंबऱ्यावर आता मोबाइलची कव्हरं लटकतात.
तरी रोज कुणीतरी बिघडलेला काटा बगलेत मारून
तिथेच येऊन उभं राहतं,
आणि शेजारचा सुतळीवाला मान वर न करता सांगतो,
"धायरी. गिरणीला लागून. हिरवं शटर."

मी म्हटलं, आपण तेच करतोय.
नाव एकीकडे नोंदवलंय, सामान दुसरीकडे ठेवलंय,
मध्ये एक सुतळीवाला बसवायचा.
यंत्राला नाव कळत नाही, आकडे लागतात.
पुण्याचं उलटं:
घर क्रमांक सांगा, अख्खी पेठ खांदे उडवते;
जिलब्या मारुती म्हणा,
रिक्षावाला येणार नाही म्हणेल,
पण ठिकाण त्याला कळलेलं असतं.

होस्टिंगवाला फोनवर सांगत गेला, मी भरत गेले:
दोनशे तीन, शून्य, एकशे तेरा, एकाहत्तर.
सेव्ह.
चाक फिरायला लागलं
आणि फिरतच राहिलं.

"आकडे वाचा," ताहेरभाई म्हणाले.
वाचले.
"तो शेवटचा काय म्हणाला होता?"
एकाहत्तर.
"इथे सतरा आहे."

आपल्या बोलण्यात एक आधी येतो, सत्तर मागून.
कानाने एक ऐकला, बोटाने एक मारला.
चाळीस वर्षं ह्या माणसाने हेच बघितलंय:
किलोच्या पोटात कमी झालेलं शिसं,
केसभर कललेली दांडी,
निरीक्षक यायच्या आधी.

मी लगेच दुरुस्त केलं.
पण सतरा गावभर निघून गेले होते.
त्यांची मुदत मीच भरली होती,
शहाऐंशी हजार चारशे सेकंद:
ज्याने विचारलं त्याला पाठ झालं,
आणि पाठ असेपर्यंत कुणी पुन्हा विचारत नाही.

संध्याकाळी भवानी पेठेतून मेहुणीचा फोन,
दिसलं! पण पितळी काट्याचा फोटो तिरका लावलाय.
कोंढव्यातून जावई, दिसलं.
मार्केट यार्डातला कांद्याचा अडत्या,
त्याने तर भावही विचारला.
धायरीत, गल्ल्यावरच्या फोनमध्ये,
चाक.

"माझ्याच दुकानात मी शेवटी पोचणार," म्हणत
त्यांनी शटर ओढलं.
मग कुलूप हातात तसंच धरून थांबले.
"आणि सुतळीवाला?
त्याला किती सेकंद भरलेत?"

तो रकाना मला
कुठे दिसला नव्हता.