सोमवारची गाडी

सोमवारी रात्री आमची गाडी गंगेवर लागते.
गाडगे महाराज पुलाखालची माणसं उचलायची
अंथरुणासकट,
आणि हद्दीबाहेर, आडगावच्याही पुढे,
एखाद्या ढाब्याच्या उजेडात सोडून यायची.
साहेब याला स्वच्छता म्हणतात.
मी ड्रायव्हर. मी किलोमीटर लिहितो.

भिकन आता न सांगताच चढतो.
बाहीला पंक्चरच्या सोल्युशनचा वास,
ओठ हलते, कुणाशी तरी जुनं भांडण चालू.
बुधवारपर्यंत चालत परत येतो, टाचा फुटलेल्या.
“तुमचं डिझेल जातं, माझी चप्पल,” म्हणतो.

बुधवारी.
सिस्टर येतात मंगळवारी.
तिसऱ्या खांबाशी उभ्या राहतात, पिशवीत गोळ्या,
वहीत त्याचं नाव, आणि पुढे
गैरहजर, गैरहजर, गैरहजर.
त्या सगळ्या गैरहजेऱ्या
माझ्या लॉगबुकात किलोमीटर म्हणून लागल्यात.

घरी धाकट्या भावाला गोळी मीच देतो,
रात्री नऊला, ताकाबरोबर.
एक दिवस चुकला की तो नळाशी बोलत बसतो.
हे मी डेपोत कुणाला सांगितलेलं नाही.

या सोमवारी वायरलेसवर कळवलं,
गाडी चालू होत नाही.
साहेबांनी आईवरून शिवी दिली.
पथकातले उतरले, पुलाखाली ओरडले,
उठा रे, धक्का मारा.

सगळ्यात आधी भिकन आला.
बाह्या सरसावल्या, खांदा लावला,
“सोडा आता,” मागून म्हणाला.

ब्रेकवरचा पाय मी काढला नाही.