दोन किलो शंभर ग्रॅम

नोनोमुरा बाईंनी दांडा वर्तमानपत्रात गुंडाळून आणला,
सुका मासा आणावा तसा.
"हा बसवा, हिरोओकासान. वळणावर गाडी अंग टाकते माझी."

योनागोच्या औषधांच्या दुकानात
त्या दिवसभर मिलिग्रॅममध्ये बोलतात,
म्हणून मी आधी तराजू काढला.
दोन किलो शंभर. निळं ॲल्युमिनियम, दोन टोकांना दोन पंजे,
डाव्या शॉकॲब्सॉर्बरच्या डोक्यावर एक, उजव्याच्या एक,
मधे नुसती सरळ रेघ.

गाडी सत्तावीस वर्षांची, दोनच माणसांची, छप्पर कापडी.
म्हणजे झाकण काढलेला बुटांचा खोका:
दोन कोपरे धरून पिळा, पिळला जातो.
ज्या सांगाड्याने ताठ उभं राहायचं
तोच स्प्रिंग होऊन बसतो, आणि त्याला आवरायला
कुणी काही बसवलेलं नसतं.

दाराच्या फटीत मी मेणाचा मणी दाबला,
एका बाजूने जॅक चढवला.
वाटाण्याची मसूर झाली.
नवा मणी घेतला, दांडा बसवला, बोल्ट आवळले, पुन्हा जॅक.
मसूर.
"थोडी जाड नाही का ही?" बाईंनी विचारलं.
मी चष्मा पुसला. म्हटलं, असेल.

त्या दाइसेनच्या रस्त्याने वर जाऊन आल्या,
केस विस्कटलेले, गाल लाल.
"गाडीच वेगळी! सांगायच्या आत नाक वळतं!"
मी हात पुसत राहिलो.
गिऱ्हाइकाच्या आनंदावर पाना चालवू नये,
एवढं पन्नास वर्षांत शिकलोय.

पण तिसऱ्या दिवशी त्याच परत आल्या.
"आमच्याकडे साखरेची गोळी देऊन बघतात," म्हणाल्या,
आणि शंभर येनचं नाणं माझ्या तळहातावर ठेवलं.
"तुम्ही उडवा. मला सांगू नका.
काढलात तर दांडा डिकीत ठेवा, घोंगडीत. वजन तेवढंच राहू दे."

चार रविवार.
मी शटर ओढून घ्यायचो, नाणं उडवायचो,
काढलं काय, नाही काढलं काय,
पान्याचा आवाज तेवढाच वेळ करायचो.
त्या बाहेर मशीनच्या कॉफीचा डबा धरून
पाठमोऱ्या उभ्या, परीक्षेतल्या मुलीसारख्या.
मग वर, बीचच्या जंगलातून, सोळा वळणं,
आणि परत आल्यावर वहीत एक शब्द:
आहे. नाही. आहे. आहे.

बारा फेऱ्या. वही उघडली.
सात बरोबर.
माझ्या नाण्यालाही एवढं जमलं असतं.
त्या हसल्या नाहीत. मीही नाही.
कॉफीचा रिकामा डबा त्यांनी
दोन बोटांत दाबला, सोडला, दाबला.

मग पान उलटलं, तर मागे
पेन्सिलीने बारीक अक्षरात दुसरीच नोंद.
दुधाच्या डेअरीखाली काँक्रीटचा फुटका तुकडा आहे ना,
तिथला आरसा.
कधी त्यात मागचा डोंगर थरथरत होता,
कधी नव्हता.
मी माझा कागद शेजारी धरला.
बारापैकी बारा.

म्हणजे वळायला त्याने काही मदत केली नाही.
निदान या रस्त्यावर, या वेगाला, या बाईंना.
शर्यतीतल्या पोरांचं मला विचारू नका,
त्यांची चाकं वेगळी, घाईही वेगळी.
आम्हाला इतकंच कळलं,
की मागे राहिलेलं जरा स्थिर दिसतं.

"एवढ्यासाठी अठरा हजार येन?" मी विचारलं.
बाईंनी बराच वेळ बॉनेटखाली पाहिलं,
तिथे तो निळा दांडा बसला होता,
बॅटरीवर सावली पाडत.
"राहू दे," म्हणाल्या. आणि निघताना,
"टायरमधली हवा मात्र बघा. वळणावर अजून अंग टाकते."

हवा कमी होती. चारही चाकांत.
पहिल्याच दिवशी बघायला हवी होती मी.

मेणाचे दोन मणी अजून फळीवर आहेत,
धुळीने काळे झालेले.
त्यातला दांड्याचा कुठला, लिहून ठेवायचं राहिलं.
कधी डावा जाड वाटतो.