पंखा बोटानं धर

आधी वीज.
बटण बंद केलं म्हणजे वीज गेली, असं समजू नकोस.
वायर भिंतीतून उपट,
मग पुन्हा एकदा बटण दाब, रिकामंच.
पोटात राहिलेला शेवटचा घोट त्याला गिळू दे.

कार्लिगाश हे दरवेळी मोठ्यानं म्हणते,
दुकानात शिकाऊ पोरगं असो, नसो.
आज आहे. तेमिर्लान. सतरा वर्षांचा. नखं खातो.

एकिबास्तुझमध्ये बाहेर उणे एकतीस,
हवा इतकी कोरडी
की अंधारात स्वेटर काढताना अंगावर निळी चटचट होते,
आणि आपल्याला कळतसुद्धा नाही असा एखादा चटका
चिपला कायमचा झोपवून जातो.
म्हणून स्वेटर खुंटीला,
आणि तळवा आधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडावर,
अनोळखी घोड्याच्या मानेवर ठेवतात तसा,
मी आलोय, एवढंच सांगायला.

कडेचा खटका दाबल्याशिवाय ओढायचं नाही.
धसमुसळेपणानं कार्ड निघत नाही,
स्लॉट निघतो.

बाकावर सेर्गाझी आगा बसलेत, टोपी मांडीवर.
तीस वर्षं खाणीत क्रेन चालवली, आता रात्री विमान चालवतात
स्क्रीनवर.
परवा लिस्बनला उतरताना समुद्रावरच चित्र गोठलं.
दीडशे प्रवासी होते, ते सांगतात,
आणि हसत नाहीत.

या गावात धूळ कमवावी लागत नाही.
काळी, ती खाणीची. करडी, ती वीजकेंद्राच्या राखेची.
पिवळसर, ती माळरानाची, एप्रिलच्या वाऱ्याबरोबर आलेली,
आणि मग इथेच स्थायिक.
कार्लिगाश कार्डाच्या पत्र्यांची फणी
खिडकीच्या उजेडात तिरकी धरते.
वडिलांचा एक्स-रे तिनं असाच धरला होता.
ते ती पोराला सांगत नाही.

व्हॅक्यूम का नको?
कारण त्याच्या नळीच्या तोंडाशी ठिणगी दबा धरून बसलेली असते.
तोंडानं फुंकू?
थुंकी उडते रे. चहा आहे का हा?
हवेचा डबा घे. उभा धर.
आडवा केलास तर हवा नाही, बर्फ येईल बाहेर.
थोडं थोडं. थांबत थांबत.
आणि पंखा बोटानं धर,
नाहीतर तो झोताच्या नादी लागून
जन्मात कधी फिरला नाही इतका गरगरेल,
आणि त्याचा आसच ढिला होईल.

तेमिर्लान धरतो. खाल्लेल्या नखाचं बोट, बरोबर मधोमध.

दुसऱ्या पंख्याच्या आसाभोवती काहीतरी आहे.
मऊ ब्रशनं सुटत नाही.
ती चिमटा घेते, श्वास रोखते,
सोडवते, सोडवत राहते:
हातभर लांब केस, मेंदीच्या रंगाचा.

सेर्गाझी आगांच्या डोक्यावर केस नाही.
बायको जाऊन दोन हिवाळे झाले, हे गावाला ठाऊक.
कार्लिगाश पावतीचा कागद फाडते,
केसाची पुडी करते,
काही न बोलता त्यांच्यापुढे ठेवते.

ते पुडी उघडतात. बराच वेळ बघतात.
हा बिबिनूरचा नव्हे, म्हणतात.
तिचे काळे होते, शेवटपर्यंत.
कार्ड मी जुनंच घेतलंय, पावलोदारच्या एका गोदामातलं,
तिथं शेकडो कार्डं रात्रंदिवस
नाणी खणत बसायची म्हणे.
असेल रात्रपाळीच्या कुणा बाईचा.

दुकानात हीटरचा आवाज.
कुणी कुणाकडे बघत नाही.

मग म्हातारा पुडी पुन्हा घडी घालतो,
मूळ घड्यांवरूनच,
टोपीच्या अस्तरात खोचतो
आणि विचारतो, किती झाले?

अजून झालं नाही, आगा.
पट्टीवर स्पिरिटचा बोळा फिरवायचाय,
तो वाळेपर्यंत थांबायचंय,
खटका बसल्याचा आवाज ऐकायचाय,
मग वीज.

तेमिर्लानचं बोट अजून तिथंच,
पंख्याच्या मधोमध, पांढरं पडलेलं.
झोत कधीच थांबलाय.

सोड आता, ती म्हणते.