रकाना

महारुद्र आला तेव्हा मी मेथी निवडत होते.
ह्यांच्या डेपोतल्या जोडीदाराचा पोरगा,
पोरगा गुणाचा, बूट दाराबाहेर काढून येतो.
फॉर्म टेबलावर पसरत म्हणाला,
"काकू, साखरेच्या रकान्यात 'नाही' लिहायचं.
सगळेच तसं लिहायलेत.
हप्ता कमी बसतो, तपासणी टळते.
कंपनी काय उदगीरला येऊन रक्त काढणार हाय का?"

हे हसले.
एकतीस वर्षं तिकिटं फाडलेला माणूस,
फुकट्या प्रवासी पायरीवरच ओळखायचे.
पण स्वस्तात पडतंय म्हटल्यावर
चष्मा पुसायला लागले,
म्हणजे पटलं.

साखर माझी. अकरा वर्षांची.
इन्सुलिन फ्रीजच्या दारात, लिंबाच्या लोणच्याला टेकून.

मग ह्यांनी भिंग काढलं,
देवघरातलं, पोथीचं,
आणि मागच्या पानावरची मुंगीएवढी अक्षरं
बोट ठेवून वाचली, मोठ्यानं.
खोलीला दिवसाचे तीन हजार.
त्याहून महाग खोली घेतली
तर डॉक्टरची फी बी त्याच मापानं कापणार.
बिलाचा पाचवा हिस्सा तरीही आपलाच.
गुडघ्याला दोन वर्षं थांबा.
"म्हणजे तिकीट हैदराबादचं फाडायचं," हे म्हणाले,
"आणि कमालनगरला उतरवायचं."
महारुद्र कानामागं खाजवत बसला.

दवाखान्यांची यादी मी मागितली.
पुण्याचे अकरा, हैदराबादचे नऊ,
लातूरचे दोन.
त्यातला एक दिवाळीतच बंद झालाय,
शेजारची सून तिथं काउंटरला होती.
रात्री दोनला छातीत कळ आली
तर पुणं काय उशाला हाय?

आधी आम्हीही निवांतच होतो.
मुलगा म्हणायचा, माझ्या कंपनीच्या विम्यात तुम्ही दोघं आहात.
मार्चमध्ये त्यानं नोकरी बदलली.
आमची नावं त्या कागदावरून गळली
हे आम्हाला जूनमध्ये कळलं,
तेही यांच्या डोळ्याच्या वेळी,
काउंटरवर.

तर रकाना.

मी अंगणवाडीत होते, अठ्ठावीस वर्षं.
वजनाचं रजिस्टर माझ्या हातचं.
सोजराबाईची नात, तीन वर्षांची,
काट्यावर बसवली तर आठ किलो दोनशे.
मॅडम म्हणाल्या, अकरा लिहा,
तालुक्याचा आकडा बिघडतो, मीटिंगला मला उभं करतात.
मी अकरा लिहिलं.
अक्षर माझं चांगलं होतं,
आकडा खरा वाटायचा.
अकरा किलोच्या पोरीला
जादाचा आहार लागत नाही.
पुढं काय झालं
ते रजिस्टरात नाही.

पेन मीच उचललं.
'होय' लिहिलं.
शेजारी जागा नव्हती, तरी बसवलं:
अकरा वर्षांपासून, इन्सुलिन चालू, पाय एकदा सुजला होता.
महारुद्र म्हणाला, "काकू, हप्ता साडेचार हजारानं वाढतो,
आन् साखरेचं काही निघालं तर तीन वर्षं कंपनी बघणार नाही."
म्हटलं, तीन वर्षांनी तरी बघेल.
खोटं लिहिलं तर ज्या दिवशी गरज
त्याच दिवशी बघणार नाही.
तोवर पोस्टातले लाखभर आहेत,
त्याला हात लावायचा नाही, यात्रेलाही नाही.
हे काही बोलले नाहीत.
यात्रा ह्यांचीच ठरलेली होती.

सही करण्याआधी कोपऱ्यावरून झेरॉक्स आणली,
दोन प्रती. एक मुलाला,
एक पिठाच्या डब्यावरच्या फडताळात.

महारुद्र दारात बुटाची नाडी बांधत बसला.
बराच वेळ बांधत बसला.
मग खालीच बघत म्हणाला,
"काकू, माझ्या आईला बीपी हाय.
तिच्या फॉर्मवर मीच 'नाही' लिहिलंय."

म्हटलं, बूट काढ.
आत ये, त्यांना पत्र कसं लिहायचं बघू.
मेथी अजून निम्मी राहिलीय.