रेघेवर काय लिहायचं

ओमारूला गुलाब डिसेंबरात भरात येतात.
समुद्र तीन गल्ल्यांवर,
पांढऱ्या दगडाच्या भिंती दुपारी तीनला तापलेल्या,
आणि कुंपणाशी मर्डोकचा नंबर सत्तेचाळीस,
अजून बारसं न झालेला,
जर्दाळूच्या सालीचा रंग, मधोमध थोडा मळकट.

शनिवारी प्रदर्शन आहे.
फॉर्मवर रंग लिहून झाला, पाकळ्या मोजून झाल्या, बेचाळीस.
उंची कंबरेएवढी. काटे विरळ.
सुगंध, आणि पुढे एक रेघ,
आणि रेघेवर काही नाही.

म्हणून तो येईल त्याला फाटकातच धरतो.

टपाल टाकणारी नायरी हेल्मेट न काढताच वाकते.
"सफरचंद," म्हणते, "पण चावून ठेवलेलं.
दहा मिनिटांपूर्वी."
पलीकडच्या घरातला फेतू म्हणतो, लवंग,
दाताच्या डॉक्टरची खोली,
आणि नकळत जबडा चाचपतो.
त्याची धाकटी, मासीना, छातीभर श्वास ओढते,
शिंकते, पुन्हा ओढते:
"आजीच्या क्रीमची डबी! रिकामी झालेली!"
बोलिंग क्लबच्या विनिफ्रेडबाईंना बडीशेप येते,
खोकल्याच्या औषधातली,
आणि त्या एक पाऊल मागे सरतात,
फुलानं काही उद्धट बोलल्यासारख्या.

पाद्री लॅचलन बराच वेळ वाकून राहतात.
"दिसायला सुरेख आहे हं," म्हणतात.

मर्डोक सगळं एका पाकिटाच्या मागे टिपतो.
वाद घालत नाही. त्याला स्वतःला
रास्पबेरी येते, फक्त सकाळी,
फक्त दव आहे तोवर.
आल्त्येला, त्याच्या बायकोला,
कपात विसरून गार झालेला कोरा चहा.
एकोणचाळीस वर्षं एकाच उशीवर डोकं
आणि नाकं दोन मुलखांतली.

डनीडनहून त्यांची भाची आली आहे, रसायनशास्त्र शिकते.
ती सांगते, यात व्हायोलेटच्या फुलातलं काहीतरी आहे,
काहींच्या नाकात त्याला दारच नसतं.
आणि ज्यांच्या असतं, त्यांच्याही
ते एका श्वासाला उघडतं, दुसऱ्याला लागतं.
मग ती पुस्तक मिटून स्वतः वाकते.
आला, म्हणते.
गेला.
थांबा, थांबा.
आला.

वास घेतो म्हणतो आपण, आणि वास येतो असंही.
दोन्ही खरं असावं:
आपण हात पुढे करतो,
आणि तो मनात असेल तर येतो,
पाहुण्यासारखा, कुणाकडे पिशवीत फळं घेऊन,
कुणाकडे औषध,
कुणाच्या दारावरून नुसताच पुढे.
त्यात त्या घराचा काय दोष.
आणि त्याचा तरी काय.

रात्री जेवणं झाल्यावर फॉर्म पुन्हा टेबलावर.
आल्त्ये म्हणते, चहा लिही.
मर्डोक म्हणतो, तू लिही ना, अक्षर तुझं बरं.
तिला हसू येतं. पेन्सिल तिच्याकडून त्याच्याकडे,
त्याच्याकडून लोण्याच्या ताटलीपाशी.
रेघ चार बोटं लांब.
सफरचंद तिच्यावर मावेल, पण ते चावलेलं
आणि दहा मिनिटांपूर्वीचं,
हे कुठे मावणार?

शेवटी तो लिहितो: आहे.
पूर्णविरामासकट.

साडेनऊ झालेले. उजेड अजून भिंतींवर रेंगाळतोय.
आल्त्ये दिव्याच्या बटणाकडे हात नेते
आणि मर्डोक तो हलकेच अडवतो.
कुंपणाशी कुणीतरी आहे.
काळा कोट, टोपी काखेत,
पाठीला एक हात देऊन,
सत्तेचाळीसवर वाकलेलं.

दोघं अंधारात उभी राहतात.
काही आलं का, ते कळायला मार्ग नाही.
पाद्री सरळ होतात, इकडेतिकडे बघतात,
आणि पुन्हा वाकतात.